जॅकी कूगन : कमाई मुलाची, मालकी आईवडिलांची

११ एप्रिल १९३८ रोजी लॉस एंजेलिसमध्ये तेवीस वर्षांच्या एका तरुणाने आपल्या सख्ख्या आईवर आणि सावत्र वडिलांवर दावा लावला. लहानपणी सिनेमात काम करून मी तीस ते चाळीस लाख डॉलर मिळवले, त्या पैशाचा हिशेब द्या आणि माझं मला परत करा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. तरुणाचं नाव जॅकी कूगन. चार्ली चॅप्लिनच्या ‘द किड’मधला, डोक्याला भली मोठी टोपी आणि अंगात फाटके कपडे घातलेला तो पोरगा.

आईकडून उत्तर आलं ते असं : जॅकीला काही देऊ, असं वचन कुणी कधी दिलेलंच नव्हतं. एकविसावं वर्ष पूर्ण होईपर्यंत मुलगा जे कमावतो ते कायद्याने आईवडिलांचं. तो वाया गेलेला मुलगा आहे. आणि तसंही त्याला मजा येत होती, आपण कॅमेऱ्यापुढे खेळतोय असंच त्याला वाटायचं.

कायद्याचा मुद्दा ऐकून चीड येते, पण त्या काळी तो बरोबर होता. मला जास्त गंभीर वाटतो तो शेवटचा, खेळण्याचा मुद्दा. हे सगळं प्रकरण त्याच्यावर उभं आहे. मूल करतं ते काम, की खेळ? खेळ म्हटलं की मोबदल्याचा प्रश्नच मिटतो. आजही मुलांच्या बाबतीत हेच बोललं जातं. म्हणून जॅकी नेमकं काय करत होता, हे आधी जवळून बघायला हवं.

रडण्याचा प्रसंग

जॅकीचा जन्म २६ ऑक्टोबर १९१४चा, लॉस एंजेलिसचा. वडील जॅक कूगन रंगमंचावर विनोदी नाच करायचे, आईही त्याच व्यवसायातली. मूल दोन-अडीच वर्षांचं असतानाच पडद्यावर येऊन गेलं होतं. चॅप्लिनने त्याला पाहिलं ते ऑर्फियम थिएटरमध्ये. वडिलांचा कार्यक्रम संपल्यावर हा चिमुरडा मंचावर आला, दोन पावलं नाचला आणि प्रेक्षकांना वंदन करून गेला. चॅप्लिनचं स्वतःचं पहिलं बाळ १९१९च्या जुलैमध्ये जन्मानंतर तीन दिवसांत गेलं होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत टाकून दिलेलं मूल वाढवणाऱ्या भणंगाची गोष्ट त्याच्या मनात आकार घेऊ लागली. त्याने जॅकीला मागितलं आणि वडिलांनी आनंदाने दिलं.

सिनेमात अनाथालयाची माणसं मुलाला ओढून गाडीत घालतात, असा प्रसंग आहे. मूल हात पसरून गयावया करतं, आक्रोश करतं. मूकपटाच्या काळातला हा सगळ्यात लक्षात राहणारा आक्रोश असेल. तो कसा चित्रित झाला ते चॅप्लिनने आत्मचरित्रात सांगितलं आहे. त्या दिवशी जॅकी खुशीत होता, काही केल्या रडेना. चॅप्लिनचे उपाय थकले. मग वडील म्हणाले, मी रडवतो. चॅप्लिनला ते बघवेना, म्हणून तो आपल्या खोलीत गेला. काही क्षणांत बाहेरून मुलाचं रडणं ऐकू आलं. वडिलांनी त्याला सांगितलं होतं, सांगितलेलं केलं नाहीस तर तुला खरोखरच अनाथालयात पाठवून देऊ. शॉट झाल्यावर चॅप्लिनने त्याला उचलून समजावलं की तुला कुणी कुठेही नेणार नाही. त्यावर पोरगं हळूच म्हणालं की, बाबा गंमत करत होते हे मला माहीत होतं.

हा किस्सा जॅकीच्या हुशारीचा नमुना म्हणून सांगितला जातो. त्याची हुशारी खरीच आहे. चॅप्लिन एकेका प्रसंगाचे असंख्य टेक घ्यायचा, आणि हा मुलगा प्रत्येक वेळी तीच हालचाल, तोच भाव पुन्हा करून दाखवायचा. पण पाच वर्षांच्या मुलाला घराबाहेर काढण्याची धमकी मिळते, ती त्याला क्षणभर तरी खरी वाटते, आणि त्या भीतीतून निघालेलं रडणं तिकीट लावून विकलं जातं. त्याला खेळ म्हणता येत नाही. वडील वाईट होते असंही मला म्हणायचं नाही. त्यांचं मुलावर प्रेम होतं असंच बहुतेकांनी लिहिलं आहे, आणि या सिनेमात त्यांनी स्वतः छोट्या भूमिकाही केल्या. पण त्या क्षणी बाप आणि मुकादम एकाच माणसात होते, आणि मुलाला दाद मागायला तिसरं कुणी नव्हतं.

दहा लाखांचा मुलगा

‘द किड’ १९२१च्या सुरुवातीला आला आणि जॅकी जगभर पोहोचला. पुढची सहा वर्षं तो एकामागून एक सिनेमे करत राहिला. ऑलिव्हर ट्विस्ट त्याने १९२२ मध्ये केला. १९२३ मध्ये मेट्रो कंपनीशी झालेला करार दहा लाख डॉलरच्या घरातला होता. तेव्हा त्याचं वय आठ-नऊ. त्याच्या नावाच्या बाहुल्या निघाल्या, शिट्ट्या निघाल्या, वह्या-पेन्सिली निघाल्या, शेंगदाण्याचं लोणी निघालं. बाजारात मुलाचा चेहरा लावून माल विकण्याचा हा इतका मोठा प्रकार त्याआधी झाला नव्हता. १९२४ मध्ये आर्मेनियन आणि ग्रीक निर्वासितांच्या मदतीसाठी त्याला घेऊन मोठा दौरा निघाला. त्यात दहा लाख डॉलरहून जास्त किमतीचे कपडे, धान्य आणि वस्तू जमल्या. युरोपात पोप अकराव्या पायसनी त्याला भेट दिली. कपाळावर येणारी त्याची झुलपंसुद्धा एवढी प्रसिद्ध, की ती कापायची वेळ आली तेव्हा १९२७ मध्ये ‘जॉनी, गेट युअर हेअर कट’ नावाचा सिनेमाच निघाला.

या सगळ्या काळात जॅकीला घरून आठवड्याला खर्चायला मिळायचे सव्वासहा डॉलर.

मुलाच्या हाती लाखो डॉलर द्यावेत असं कुणीच म्हणणार नाही. सव्वासहा डॉलर ही वाढत्या वयाच्या मुलाला वळण लावण्याचीच रक्कम आहे, आणि घरात शिस्त होती असंच त्यावरून दिसतं. जॅकीचं म्हणणं असं की, तुझे पैसे तुझ्यासाठी बाजूला ठेवले आहेत, मोठा झालास की मिळतील, असं त्याला घरात सांगितलं जायचं. त्याने कधी विचारलं नाही. कोणतं मूल विचारतं?

तेरा-चौदाव्या वर्षी चेहरा बदलला, आवाज बदलला, आणि बोलपटही आले. १९३० मध्ये टॉम सॉयर आणि पुढच्या वर्षी हकलबेरी फिन, एवढं झाल्यावर कामं जवळजवळ थांबली. तो कॉलेजात गेला, पण तिथे फारसा रमला नाही.

मे १९३५ आणि पुढे

४ मे १९३५ रोजी मेक्सिकोतून शिकार करून परत येताना सॅन दिएगो परगण्याच्या पूर्वेकडच्या डोंगराळ रस्त्यावर त्यांची मोटार कोसळली. गाडी वडील चालवत होते. ते गेले. हकलबेरी फिनच्या भूमिकेतला जॅकीचा जिवलग मित्र, तरुण नट ज्युनिअर डर्किन गेला. आणखी दोघे गेले. एकटा जॅकी वाचला. त्याला एकवीस पूर्ण व्हायला तेव्हा पाच-सहा महिने उरले होते.

घराचा सगळा कारभार आईच्या हाती आला. कुटुंबाचे आर्थिक सल्लागार आर्थर बर्नस्टीन यांच्याशी पुढे तिने लग्न केलं. ऑक्टोबर १९३५ मध्ये जॅकी सज्ञान झाला, पण त्याच्या हाती ना पैसे आले ना हिशेब. १९३७च्या नोव्हेंबरमध्ये त्याने नटी बेटी ग्रेबलशी लग्न केलं, आणि पुढच्या एप्रिलमध्ये कोर्टाची पायरी चढला.

दाव्यात जॅकी नीतीने जितका भक्कम होता तितकाच कायद्याने लंगडा. कॅलिफोर्नियाचा त्या वेळचा दिवाणी कायदा जुन्या इंग्रजी तत्त्वावर चालायचा. अज्ञान मुलाचे श्रम आणि त्याची कमाई यांवर पालकाचा हक्क, कारण पालक त्याला पोसतो. शेतात राबणाऱ्या, दुकानात हाताखाली काम करणाऱ्या मुलांचा विचार करून हा नियम घडला होता. तिथे मुलाची कमाई त्याच्या जेवणाखाण्याच्या खर्चाहून क्वचितच जास्त असायची. सिनेमाने हा हिशेब उलटा केला. आता मूलच घर पोसत होतं, आणि नियम मात्र तोच राहिला. आईने आणि सावत्र वडिलांनी फर, हिरे, मोटारी यांवर पैसे उडवले ते चोरी करून उडवले नाहीत. कायद्याच्या लेखी ते त्यांचेच पैसे होते. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात भयंकर गोष्ट हीच आहे, कारण इथे शिक्षा करायला गुन्हाच नाही.

निकालापर्यंत दावा गेला नाही. १९३९ मध्ये तडजोड झाली. तोवर लाखोंच्या कमाईतून जेमतेम अडीच लाख डॉलर उरलेले निघाले, आणि त्यातले सुमारे १ लाख २६ हजार जॅकीच्या वाट्याला आले. त्याच वर्षी लग्नही मोडलं. हात तंग असताना तो चॅप्लिनकडे गेला, तेव्हा चॅप्लिनने एक शब्द न विचारता हजार डॉलर काढून दिले.

पुढचं थोडक्यात सांगतो, अपवाद फक्त एका रात्रीचा. १९४१ मध्ये जॅकी सैन्यात भरती झाला आणि ग्लायडर वैमानिक झाला. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. दुसरं विमान त्याला दोरीने ओढत नेतं, ठरल्या जागी दोरी सोडली की ते उतरवायची एकच संधी. ५ मार्च १९४४ च्या रात्री आसामात सिल्चरजवळच्या लालाघाटच्या धावपट्टीवरून ही ग्लायडरं उडाली. ब्रिटिश सेनानी विंगेटच्या, शत्रूच्या मुलखात घुसून लढणाऱ्या ‘चिंडिट’ सैनिकांना ब्रह्मदेशात जपानी फळीच्या शंभरेक मैल मागे, ‘ब्रॉडवे’ असं सांकेतिक नाव दिलेल्या जंगलातल्या मोकळ्या पट्ट्यात उतरवायचं होतं. काळोखात, ओंडके पडलेल्या जमिनीवर कितीतरी ग्लायडर मोडले, माणसं मेली. उतरवणाऱ्यांमध्ये जॅकी कूगन होता. त्याच्याविषयी लिहिताना बिच्चारा हा शब्द अनेकांच्या लेखणीवर येतो. त्यांनी ही रात्र वाचावी.

युद्धानंतर त्याने मिळेल ते काम केलं. १९६४ ते ६६ या काळात ‘द अ‍ॅडम्स फॅमिली’ या मालिकेतला टकला अंकल फेस्टर म्हणून नव्या पिढीने त्याला ओळखलं. त्यातल्या कित्येकांना हाच तो टोपीवाला पोरगा हे माहीतही नव्हतं. १ मार्च १९८४ रोजी सांता मोनिकात हृदयविकाराने त्याचं निधन झालं, एकोणसत्तराव्या वर्षी.

त्याच्या नावाचा कायदा, आणि त्यातलं भोक

दाव्यावरून एवढा गदारोळ झाला की १९३९ मध्येच कॅलिफोर्नियाने बालकलाकारांसाठी कायदा केला. लोक त्याला कूगन कायदा म्हणतात. मुलाच्या करारावर कोर्टाची मंजुरी घ्यायला कुणी आलं, तर कोर्ट मिळकतीचा काही भाग, जास्तीत जास्त निम्मा, मुलासाठी राखून ठेवायला सांगू शकेल, अशी तरतूद झाली.

बहुतेक लेख इथेच थांबतात : मुलाचं नुकसान झालं, पण पुढच्यांचं भलं झालं. प्रत्यक्षात तसं झालं नाही. ‘कुणी आलं तर’ यातच सगळी मेख होती. स्टुडिओ कोर्टात जायचे ते स्वतःच्या सोयीसाठी, अज्ञान मुलाने पुढे करार झुगारू नये म्हणून. वर्षानुवर्षांचा करार असेल तरच त्यांना ही गरज पडायची. एका सिनेमापुरतं, चार दिवसांचं काम असेल तर कोर्टात कोण जातो? स्टुडिओंची लांब करारांची पद्धत मोडली तसा कायदा जवळजवळ निरुपयोगी झाला. शिवाय कमाई मूळ पालकांचीच, हे तत्त्व त्याने बदललं नव्हतं.

याचा पुरावा १९३०च्या दशकातली लाडकी बालतारका शर्ली टेम्पल. तिची कारकीर्द कूगनच्या दाव्याआधी सुरू झाली आणि कायदा आल्यानंतरही चालू राहिली. विशी ओलांडल्यावर तिने हिशेब पाहिला, तेव्हा कमाईचा आकडा ३२ लाख डॉलरच्या वर होता आणि उरले होते ४४ हजार. हे तिने स्वतः आत्मचरित्रात लिहिलं आहे, आणि वडिलांबद्दल कडवटपणा न ठेवता लिहिलं आहे. कायदा होऊन पन्नास वर्षं झाल्यावरही टीव्हीवरचा लाडका मुलगा गॅरी कोलमन याला आईवडील आणि माजी व्यवस्थापकावर दावा लावावा लागला. १९९३ मध्ये त्याला सुमारे १२ लाख ८० हजार डॉलर मिळाले.

पूर्वीचे बालकलाकार आणि नटांची संघटना यांनी नेट लावल्यावर १ जानेवारी २००० पासून कायदा बदलला. मुलाची कमाई ही मुलाची मालमत्ता, असं पहिल्यांदा स्पष्ट लिहिलं गेलं. प्रत्येक करारातून किमान १५ टक्के रक्कम मालकानेच थेट मुलाच्या बंद खात्यात भरायची, अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. दाव्यापासून इथवर यायला बासष्ट वर्षं गेली. पंधरा टक्क्यांचा आकडा लोकांच्या लक्षात राहतो. माझ्या मते खरी गोष्ट पहिल्या वाक्यात आहे. उरलेले ८५ टक्केही मुलाचेच आहेत, पालक फक्त सांभाळणारा आहे.

आपल्याकडे

आपल्याकडे हे तत्त्व नवं नाही. सातबाऱ्यावर लहान मुलाचं नाव लागतं तेव्हा पुढे ‘अ.पा.क.’ लिहून आईचं किंवा वडिलांचं नाव येतं. अज्ञानाचा पालनकर्ता. जमिनीचा धनी पाच वर्षांचा मुलगा, आई राखणारी, हे गावातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे ती जमीन विकायची तर पालकाला कोर्टाची परवानगी लागते. आयकर कायद्यानेही हेच मानलं आहे. एरवी अज्ञान मुलाचं उत्पन्न आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवलं जातं, पण मुलाने स्वतःच्या कौशल्याने, कलेने मिळवलेलं उत्पन्न त्यातून वगळलेलं आहे. ते मुलाचं स्वतंत्र उत्पन्न.

मग अडतं कुठे? पैसा रोख असतो तिथे. अज्ञान माणसाशी केलेला करार आपल्याकडे मुळातच रद्दबातल, १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, मोहरी बीबी खटल्यात हे ठरवलं. त्यामुळे सिनेमा-मालिकेच्या करारावर सही पालकाची, आणि मानधनही सहसा पालकाच्या खात्यात. जमिनीला कोर्ट राखण आहे, मानधनाच्या चेकला नाही.

२०१६ मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आली, आणि त्यातून दोन वाटा मोकळ्या ठेवल्या गेल्या : शाळा सांभाळून कुटुंबाच्या धंद्यात मदत, आणि सिनेमा, मालिका, जाहिरातींत कलाकार म्हणून काम. २०१७च्या नियमांनी दुसऱ्या वाटेवर अटी घातल्या. शूटिंग असेल त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, म्हणजे गोरेगावच्या चित्रनगरीत असेल तर मुंबई उपनगरची. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, सलग २७ दिवसांहून जास्त नाही. पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस. मुलाच्या मनाविरुद्ध काम नाही. आणि उत्पन्नातले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने मुदत ठेवीत.

वीस टक्के हे कॅलिफोर्नियाच्या पंधराहून जास्तच आहेत. पण उरलेल्या ऐंशी टक्क्यांबद्दल नियम गप्प आहे. वीस टक्के मुलाचे म्हणजे बाकीचे आमचे, असा त्याचा सोयीचा अर्थ अनेक घरांत लावला जाईल. जॅकीच्या आईनेही अर्थ सोयीचाच लावला होता, फक्त तिला शंभर टक्के कायद्याने दिले होते.

पहिली, घरच्या धंद्याची वाट मला जास्त काळजीची वाटते. आज मुलांचे व्हिडिओ बनवणारं घर हाच निर्माता, हाच मालक आणि हाच पालक असतो. परवानगी मागायला कुणी जात नाही, आणि विचारलं तर उत्तर तयार असतं : तिला आवडतं म्हणून करते, मजा म्हणून चाललंय. लहान मुलीला त्याच नाचाचा पाचवा टेक द्यायला लावताना, तिचं रडू लोकांना आवडतं म्हणून तेही चढवताना, ती मजा कुठवर राहते हे पालकांनी स्वतःशी प्रामाणिकपणे तपासावं. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांच्या मसुद्यात समाजमाध्यमांचा समावेश केला होता. अमेरिकेत इलिनॉयने २०२४च्या जुलैपासून अशा व्हिडिओंच्या कमाईत मुलांचा वाटा राखून ठेवणं बंधनकारक केलं, आणि कॅलिफोर्नियानेही २०२४ मध्ये कायदे करून कूगनचं संरक्षण ऑनलाइन काम करणाऱ्या मुलांपर्यंत नेलं.

आपल्याकडे कायदा येईल तेव्हा येईल. ज्या घरातलं मूल आज काम करतंय त्या घराला थांबायची गरज नाही. मुलाच्या नावाने पॅन कार्ड निघतं, बँक खातं निघतं. मानधन त्या पॅनवर आणि त्या खात्यात घ्यावं, विवरणपत्र मुलाच्या नावाने पालकाने भरावं. मग कापलेल्या कराची नोंद मुलाच्या पॅनवर होते आणि आयकराच्या संकेतस्थळावर वर्षवार दिसते. पैसे पालकाच्या पॅनवर आले, तर त्या नोंदीत मुलाचं नावही नसतं. जॅकीला एकविसाव्या वर्षी पैसे मिळाले नाहीत, त्याच्या कितीतरी आधीपासून त्याच्याकडे आपण किती कमावलं हे दाखवणारा स्वतःचा एक कागद नव्हता. म्हणूनच त्याच्या कमाईचा आकडा आजही ‘तीस ते चाळीस लाख’ असा अंदाजानेच लिहावा लागतो.